सरासरीत न मावणारा जिल्हा

२०२३ च्या जुलैत बुलढाणा जिल्ह्यातले, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके अतिवृष्टीने झोडपले गेले. नाल्यांचे पाणी शेतांत शिरले, कुठे पिकाबरोबर मातीही खरडून गेली. त्यानंतरचा ऑगस्ट हा देशाच्या नोंदींत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढे ३१ ऑक्टोबरला राज्य शासनाने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत याच जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. जिल्हा एक, खरीप एक, आणि एका टोकाला पुराचे पंचनामे तर दुसऱ्या टोकाला दुष्काळाच्या सवलती. त्या वर्षीच्या पावसाची जिल्ह्याची सरासरी काढली, तर या दोन्ही गोष्टी एकमेकींत विरघळून जातील आणि हाती येईल तो आकडा कोणत्याही गावाचा नसेल. हवामान बदल आणि शेती यांवरचे बरेचसे लेखन अशाच आकड्यांवर उभे असते. हा संग्रह त्याच्या उलट बाजूने सुरुवात करतो, म्हणून त्याची प्रस्तावना लिहिताना आधी जमिनीबद्दल बोलणे भाग आहे.

बुलढाण्यात ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हे शब्द पत्ता सांगण्यासाठी वापरतात, पण त्यांत अर्धे भूगोलशास्त्र आलेले असते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्हा कापला आहे. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि बुलढाणा यांचे पठार. तिथे पैनगंगा उगम पावते, खडकपूर्णा वाहते, आणि दोन्हींचे पाणी अखेर गोदावरीला मिळते. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावचा सखल भाग, म्हणजे जुने पायनघाट. तिथली पूर्णा तापीला मिळते. पूर्णेच्या पलीकडे सातपुडा उभा आहे. वर्षाचा पाऊस सगळीकडे साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटरच्या आसपास. पण तो पडतो कशावर, याने सारे ठरते. पठाराच्या उताराला वीतभर खोलीची मुरमाड, बरड जमीन आहे. दहा दिवसांची उघडीप पडली की तिथले पीक माना टाकते. खोलगटात भारी काळी जमीन आहे. तिथे तेच पीक वीस दिवस तग धरते, पण सततची झड लागली की पिवळे पडते. पूर्णेच्या दोन्ही काठांनी बुलढाणा, अकोला, अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तर वेगळेच प्रकरण आहे: खाली पाणी आहे, पण ते पिण्याच्या आणि ओलिताच्या कामाचे नाही, आणि वरची चिकण काळी माती पाणी मुरू देत नाही. अशा जिल्ह्यात ‘पाऊस दहा टक्के घटला तर उत्पादन किती घटेल’ हा प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

या संग्रहामागचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हवामान पिकावर थेट आघात करते हे अर्धेच खरे. ते आघात करते पीक, माती आणि पेरणीची तारीख यांच्या जुळणीवर, आणि ही जुळणी माणसांनी, बाजाराने व सरकारी धोरणाने घडवलेली असते. बुलढाण्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ही जुळणी अशा रीतीने बदलली की पावसाचा लहरीपणा वाढत असतानाच त्याची झळ सोसण्याची जमिनीची ताकद कमी झाली. म्हणून जमिनीचा वापर हा हवामान बदलाचा केवळ परिणाम मानून चालत नाही. नुकसान किती होणार हे ठरवणारे तेही एक कारण आहे.

ही गोष्ट वऱ्हाडात, ज्याचा बुलढाणा हा भाग आहे, पहिल्यांदा घडते आहे असे नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढच्या दशकात मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे रेल्वे नागपूरकडे गेली, आणि नेमक्या त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. खामगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला जातीने आला, यावरून त्या कापसाचे वजन कळते. पऱ्हाटी वाढली तसा धान्याचा आणि चराईचा वाटा आक्रसला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हा कापसाच्या सुपीक प्रदेशातली माणसे अन्नावाचून मेली. लक्ष्मण सत्य यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथाने हा संबंध उलगडला, आणि माइक डेव्हिस यांनी तो जगभरच्या एल निनो दुष्काळांच्या इतिहासात नेऊन ठेवला. पाऊस गेला हे निमित्त. पण पाऊस गेल्यावर काय उरेल, हे आधीच ठरून गेले होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाबद्दल जो युक्तिवाद केला, की अन्न असणे आणि ते मिळवण्याचा हक्क असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, त्याची वऱ्हाडाइतकी बोलकी उदाहरणे थोडी असतील.

या विषयाच्या अभ्यासाच्या वाटा वेगवेगळ्या ठिकाणांहून निघाल्या, आणि त्या एकमेकींशी फार बोलल्या नाहीत. सर्वांत जुनी वाट महसुली आहे: जमाबंदी, पीकपाहणी, आणेवारी. शेतकऱ्याला किती सूट द्यायची एवढ्याच हेतूने ती नोंद होत असे, पण नकळत तिच्यात दीडशे वर्षांचा हवामानाचा इतिहास साठला. दुसरी वाट पुण्याची. १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले, आणि पीक व पाऊस यांचा संबंध आठवड्यागणिक मोजायची पद्धत रुजली. १९६९ मध्ये अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागाला स्वतःचे वाण आणि स्वतःचे प्रयोग मिळाले. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने जमिनीचे नकाशे केले. त्यानंतर संगणकी प्रारूपांचा काळ आला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेल्या ‘इन्फोक्रॉप’सारख्या प्रारूपात तापमान, पाऊस आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे घातले की अमुक पिकाचे उत्पादन किती, हे कळते. अर्थशास्त्रज्ञांनी निराळाच मार्ग धरला. रॉबर्ट मेंडेलसोन आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या लेखापासून ते असे विचारतात की, उष्ण प्रदेशातल्या जमिनीचे उत्पन्न थंड प्रदेशातल्या जमिनीपेक्षा किती वेगळे आहे; म्हणजे शेतकऱ्याने जुळवून घेतल्यानंतर काय उरते. आणि अगदी अलीकडे उपग्रह आले, जे जमिनीचा वापर बदललेला दाखवतात पण तो का बदलला हे सांगत नाहीत.

या वाटांपैकी प्रारूपांची वाट मला सर्वांत कमी पटते, हे मान्य करतो. तिच्यात ‘सोयाबीन’ हे एकच पीक असते आणि ‘जमीन’ ही एकच जमीन. अर्थशास्त्रज्ञ निदान शेतकऱ्याला डोके आहे असे धरून चालतात. पण त्यांचेही एक गृहीतक घातक आहे: जुळवून घेणे म्हणजे सुधारणाच, असे ते मानतात. बुलढाण्याचा अनुभव सांगतो की आजच्या हंगामाशी जुळवून घेताना माणूस उद्याच्या हंगामापुढे उघडा पडू शकतो.

हे समजायला सोयाबीनकडे यावे लागते, आणि इथे थोडे थांबायला हवे. आज जिल्ह्याच्या खरिपाच्या पेऱ्यात निम्म्याहून अधिक वाटा सोयाबीनचा आहे. तीन-चार दशकांपूर्वी हे पीक इथे जवळजवळ नव्हते. त्याआधीची खरिपाची घडी ज्वारी, कापूस, तूर, मूग, उडीद यांची होती, आणि त्यांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. मूग-उडीद भाद्रपदाच्या आसपास घरात, ज्वारी दिवाळीच्या आगेमागे, कापसाची वेचणी थंडीभर, तूर पौष-माघात. ऑगस्टमध्ये खंड पडला तर मूग गेला, पण खोल मुळांची तूर वाचली. हस्त-चित्रात पाऊस लागला तर ज्वारीची कणसे काळी पडली, पण तुरीला तोच पाऊस मानवला. एका दिवसाच्या पावसाने सगळे जाणे किंवा सगळे मिळणे या व्यवस्थेत कठीण होते. सोयाबीनने ही पसरलेली जोखीम शंभर दिवसांत आणून बसवली. जूनअखेरीस पेरणी, ऑगस्टात फुलोरा आणि शेंगा भरणे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात सोंगणी. फुलोऱ्याच्या वेळी दोन-तीन आठवड्यांची उघडीप आली की शेंगा पोचट राहतात. सोंगून गंजी लावल्यावर पाऊस आला की शेंगांतच कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबरातल्या अवकाळी पावसाने विदर्भ-मराठवाड्यात नेमके हेच केले, आणि २०२३ मध्ये पावसाच्या खंडाबरोबर पिवळ्या मोझॅकनेही पिकाला ग्रासले.

मग शेतकऱ्याने हे पीक घेतलेच का? यात त्याची चूक शोधणाऱ्यांना मी कधीच समजू शकलो नाही. ज्वारीला भाव नव्हता, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला होता, पाखरे आणि रोही ज्वारीचे कणीस सोडत नव्हते, आणि कापणीला माणसे मिळेनाशी झाली होती. २००२ मध्ये मंजूर झालेल्या बीटी कापसाने काही वर्षे आशा दाखवली. पण बोंडअळीने प्रतिकारशक्ती कमावली, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत ठेवलेल्या फरदडीने तिला वर्षभर खाद्य पुरवले, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. याउलट सोयाबीन दसरा-दिवाळीला हाती पैसा देते, जमिनीत नत्र सोडते, आणि मुख्य म्हणजे रान लवकर मोकळे करते, ज्यावर हरभरा येतो. एका वर्षाच्या हिशेबात हा निर्णय शहाणपणाचाच आहे. त्याचे ओझे दहा वर्षांच्या हिशेबात दिसते: कडबा गेला म्हणून गोठे रिकामे झाले, सोयाबीनचे कुटार ज्वारीच्या कडब्याची जागा घेऊ शकले नाही, गोठा गेला म्हणून शेणखत गेले, आणि शेणखत गेले तशी ओल धरून ठेवण्याची मातीची ताकद घटत गेली. पीकबदलाने पाण्याची गरज ठरावीक आठवड्यांत कोंबली आणि त्याच वेळी मातीतली साठवण कमी केली.

पाऊस त्याच काळात उलट दिशेने सरकत होता. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात मध्यम पावसाचे दिवस कमी झाले आणि अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. एकूण सरासरी मात्र फारशी हलली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. त्याचे कारण त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांत शोधले. भू-विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार देशाचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. मध्यम पावसाचे, मातीत मुरणारे दिवस कमी होणे हीच कोरडवाहू शेतीची खरी हानी आहे. जोरदार सर बरड जमिनीवरून वाहून जाते आणि भारी जमिनीत साचून राहते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. पावसाचा लहरीपणा या भागाला जुनाच आहे. १९७२ चा दुष्काळ कोणी विसरलेला नाही. मग हवामान बदलाचे नाव कशाला? उत्तर असे की एखाद्या वर्षाचा दोष हवामान बदलावर टाकणे बहुधा चूकच असते, आणि या संग्रहातले लेखक ते टाळतात. प्रश्न एका वर्षाचा नाही, अशा वर्षांच्या वारंवारतेचा आहे. दुसरा आक्षेप बाजारवाल्यांचा: शेतकऱ्याला मारतो तो भाव, पाऊस नव्हे. सोयाबीनचे दर हमीभावाखाली घसरलेली वर्षे पाहिली तर हे खोटे म्हणता येत नाही. पण भाव आणि पाऊस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे धरणेच चुकीचे आहे. एकाच पिकात एकवटलेला जिल्हा पडलेल्या भावापुढे आणि पडलेल्या पावसापुढे एकाच कारणाने दुबळा असतो. तिसरा आक्षेप शास्त्रीय आहे: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की सोयाबीनसारख्या पिकाची वाढ जोमाने होते, म्हणजे काही फायदाही आहे. प्रयोगशाळेत तो दिसतो. पण शेंगा भरताना मुळाशी ओल असेल तरच तो फायदा शेतात उतरतो, आणि अडचण तिथेच आहे.

‘पाणी द्या, म्हणजे प्रश्न मिटेल’ हे या जिल्ह्यात सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर आहे. पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प रेंगाळत पुढे सरकतो आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोडाला राज्याने २०२४ मध्ये मान्यता दिली, आणि तो सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालवा बुलढाण्यातल्या नळगंगेपर्यंत पाणी आणणार आहे. पाणी हवेच आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या मातीबद्दल नागपूरच्या मृदाशास्त्रज्ञांनी, विशेषतः डी. के. पाल आणि सहकाऱ्यांनी, जे दाखवले ते लक्षात घ्यावे लागेल. कोरड्या हवामानात मातीच्या खालच्या थरांत चुन्याचे कण साठत जातात, त्याबरोबर सोडियमचे प्रमाण चढते, आणि मातीतून पाणी झिरपण्याचा वेग मंदावतो. वरून क्षार दिसत नाहीत, आत मात्र जमीन बंद होत असते. ही क्रिया माणसाने सुरू केलेली नाही, हवामानाने केली आहे. म्हणजे उष्णता आणि कोरडेपणा वाढला तर ती जोर धरणार. अशा जमिनीला निचऱ्याची सोय न करता कालव्याचे पाणी देणे म्हणजे तिला बुडवणे. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी अस्तर न लावता धरलेली शेततळी, ज्यांत चिकण माती स्वतःच पाणी अडवते, ही त्यापेक्षा शहाणी वाट वाटते. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजे ‘पोकरा’ने, खारपाणपट्ट्याचा स्वतंत्र विचार केला ही त्याची जमेची बाजू. तसेच महामार्गाच्या भरावासाठी लागणारा मुरूम तलाव-नाल्यांच्या खोलीकरणातून उचलण्याचा ‘बुलढाणा पॅटर्न’. त्यात नवा पैसा ओतावा लागला नाही, फक्त दोन खात्यांना एकमेकांशी बोलावे लागले. आपल्याकडे हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण.

जमिनीचा वापर म्हणजे नुसती पिके नव्हेत, हेही विसरू नये. गावोगावच्या ई-क्लास जमिनी, ज्यांवर गुरे चरायची, त्या अतिक्रमणांनी आणि आता सौर प्रकल्पांनी कमी होत चालल्या आहेत. समृद्धी महामार्गाने मेहकर ते सिंदखेड राजा या पट्ट्यात शेतांचे तुकडे केले आणि जमिनीचे भाव बदलले. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात शेडनेटखाली भाजीपाल्याचे बीजोत्पादन फोफावले. थोड्या जागेत, थोड्या पाण्यात नगदी उत्पन्न देणारी ही शेती हवामानाशी जुळवून घेण्याचे जिल्ह्यातले सर्वांत यशस्वी उदाहरण मानता येईल. ती कोणाला परवडते, हा प्रश्न मात्र उरतो, आणि वादळी वाऱ्यात शेडनेट उडाले की तोटाही मोठा होतो.

मोजमापाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण धोरण शेवटी मोजमापावरच चालते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी. पण तेवढाच पाऊस दीड तासात पडला काय आणि दिवसभर रिपरिपला काय, कागदावर दोन्ही सारखेच. शेतात पहिल्याने बांध फुटतात, दुसऱ्याने विहिरींना पाणी येते. मंडळातले एक स्वयंचलित केंद्र कित्येक गावांचा पाऊस ठरवते. पीक विमा मंडळाच्या सरासरीवर चालतो, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली जिल्ह्याची अडचण लहान आकारात तशीच राहते. याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला घट मांडून वर्षाचे भाकीत सांगण्याची जुनी प्रथा आहे. भाकीत म्हणून तिला आधार नाही, आणि तिच्यावर होणारी टीका योग्यच आहे. पण त्या घटात मांडली जाणारी अंबाडी, जवस, तीळ, भादली, करडी ही धान्ये पाहिली की लक्षात येते की ही यादी एका लुप्त होत चाललेल्या पीकपद्धतीची नोंद आहे. अभ्यासकाने तिच्याकडे तेवढ्यासाठी तरी पाहावे.

हा संग्रह इतिहास, मृदाशास्त्र, हवामान आणि महसुली कागद यांना एका जिल्ह्याच्या मर्यादेत एकत्र बसवतो. महाराष्ट्राबद्दल निष्कर्ष काढण्याची घाई यात नाही, आणि बुलढाणा हा कशाचा नमुना आहे असाही दावा नाही. लेखकांचे आपसांत मतभेद आहेत. सोयाबीन टिकवून वाण आणि पेरणीची पद्धत बदलावी, रुंद वरंबा-सरीवर जावे, असे काहींना वाटते. तुरीची आणि ज्वारीची जोड परत आणल्याशिवाय पर्याय नाही असे इतरांना वाटते. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण ज्वारीला भाव आणि खळ्यावर यंत्र मिळाल्याशिवाय हे म्हणणे हवेतच राहणार हेही दिसते. शेतमजूर बायांच्या कामाच्या दिवसांवर या बदलांचा काय परिणाम झाला, यावर संग्रहात जेवढे हवे होते तेवढे आलेले नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे गट क्रमांकानुसार पेऱ्याची नोंद होऊ लागली आहे. ती नोंद मातीच्या नकाशाशी आणि मंडळाच्या पावसाशी जोडून पाहण्याचा प्रयत्न पुढल्या काही लेखांत आहे. जिल्ह्यातल्या वाचकाने आधी आपल्या मंडळाची पाने काढावीत आणि ती स्वतःच्या सातबाऱ्याशी ताडून पाहावीत.